टाकी तापवायची आंघोळ

आमच्या ट्रेलरमध्ये आंघोळ तीन मिनिटांची. हा नियम माझा. सांडपाण्याची टाकी भरली की ती रिकामी करायला बाहेर मला जावं लागतं, म्हणून तिसऱ्या मिनिटाला मी न्हाणीघराच्या दारावर दोनदा ठकठक करतो आणि स्तेफ्का पाणी बंद करते. घर विकून ट्रेलरमध्ये राहायला आलो त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ठकठक झाल्यावर तिने एकदाही पाणी चालू ठेवलं नाही, आणि केस नीट धुऊन झाले का, हे मीही एकदा विचारलं नाही.

उन्हाळा कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये आणि हिवाळा दक्षिणेला अमेरिकेत, ॲरिझोनाच्या उन्हात, असं आमचं छान चाललं होतं. गेल्या एप्रिलात परत आलो तेव्हा स्तेफ्का लगेच वृद्धाश्रमात गेली, तिच्या मोठ्या भावाला भेटायला. ओरेस्टची आठवण दोन-तीन वर्षांपासून विरत चालली होती. त्याने तिला अदबीने खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही दक्षिणेकडून आलात का? तिकडे माझी धाकटी बहीण असते. स्तेफू. भेटली तर सांगा, मी वाट बघतोय."

ती परत आली, कणीक मळली आणि वरेनिके, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या आमच्या करंज्या, लाटत बसली. दोन माणसांना आठवडाभर पुरतील एवढे लाटून झाल्यावर म्हणाली, "यंदा आपण जायचं नाही. मी रोज सकाळी दहाला त्याच्याकडे जाणार."

उन्हाळाभर ती खरंच रोज गेली. ऑगस्टात कधीतरी त्याने तिला 'स्तेफू' म्हणून हाक मारली. मग आठवड्यातून एखादवेळ मारायला लागला. आता पुन्हा सहा महिने गेलो तर ते सगळं पुसून जाणार, हे ती बोलत नव्हती, पण मला कळत होतं.

अडचण टाक्यांची होती. आमचा ट्रेलर जुना, टाक्या पोटाखाली उघड्या. एक मोरीची, एक संडासाची. उणे तीसमध्ये त्या दगड होतात, कधी तडकतातही. चर्चने आवारात जागा आणि वीज दिली होती, पण संडास-न्हाणीघर असलेला हॉल रविवारीच उघडतो, आणि गावात भाड्याने खोली मिळत नव्हती. तेव्हा ठरलं असं, की टाक्या राखणारे हीटर मिळाले तर राहायचं, नाहीतर दक्षिणेला निघायचं. हीटर निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी सात आठवडे निवडत होतो. एक फक्त घरच्या विजेवर चालणारा, एक फक्त बॅटरीवर, एक टाकीला अपुरा, एक भलताच महाग. टेबलावर कागदांचा ढीग पडला. खरं सांगायचं तर मला हीटर सापडायला नकोच होता. माझे गुडघे ॲरिझोनाचे भक्त आहेत.

"बायको निवडायला तुला एक नाच पुरला होता, मेट्रो," स्तेफ्का म्हणाली.

"तेव्हा समोर एवढे प्रकार नव्हते."

"गप. माझ्या शेजारी मारुस्या उभी होती."

शेवटी नोव्हेंबर उजाडल्यावर तीच मला ओढत दुकानात घेऊन गेली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "किती थंडीत राहणार?"

"असेल थोडीफार. थोडे दिवस," मी म्हणालो.

"उणे चाळीस धरा," स्तेफ्का म्हणाली. "एप्रिलपर्यंत."

बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्या हातातला स्वस्त हीटर काढून घेतला आणि वेगळे खोके आणले. आत रबरी गादीसारखे, टाकीच्या बुडाला चिकटवायचे हीटर होते. "वादळात वीज गेली तर हे बॅटरीवर चालतात. टाकी गार पडली की आपोआप सुरू, कोमट झाली की बंद. टाकीत पाणी नसेल तेव्हा मात्र बटण बंद ठेवा." मग म्हणाली, "पण चिकटवताना टाकी उबदार हवी. गार प्लास्टिकला याचा गोंद धरत नाही. सप्टेंबरात का नाही आलात?"

स्तेफ्काने पर्स उघडून पैसे मोजले. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे चौदा होतं. ट्रेलरभोवती वारा अडवायला मी पेंढ्याचे गठ्ठे लावलेच होते. त्यांच्यामधून सरपटत ट्रेलरखाली शिरलो, जुन्या गालिच्यावर उताणा झालो. संडासाची टाकी लहान. स्तेफ्काने वरून पाच किटल्या कढत पाणी ओतलं आणि गादी बसली. मोरीच्या मोठ्या टाकीपुढे मात्र किटल्यांचं काही चालेना. गादी दाबून धरली, हात काढला, ती माझ्या तोंडावर पडली. असं चारदा झालं. स्तेफ्काचा केस वाळवायचा ड्रायर खाली नेला, तर तळहाताएवढा भाग तापायचा आणि बाकीचा गारच. चहूकडे पेंढा, तिथे शेगडी पेटवणं म्हणजे घरच पेटवणं.

कुडकुडत वर आलो. स्तेफ्काने रस्त्यांचा नकाशा काढून टेबलावर ठेवला होता.

"नाही ना धरत?" ती म्हणाली. "असू दे. बांधाबांध करू."

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता. सात आठवडे मी काय करत होतो ते तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी ती माझ्यासाठी चहा ओतत होती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आंघोळ कर," मी म्हणालो.

"काय?"

"गरम पाण्याने. बंबातलं संपलं की परत तापव आणि परत कर. सगळं पाणी टाकीतच जातंय ना? खालून मी चिकटवतो."

"तीन मिनिटं?"

"टाकी भरेपर्यंत."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही," म्हणाली आणि टॉवेल घेऊन आत गेली.

मी पुन्हा खाली शिरलो, तळहात टाकीला लावून पडून राहिलो. वर पाणी सुरू झालं. बराच वेळ काही नाही. मग प्लास्टिकचा गारठा मोडला आणि ऊब हळूहळू माझ्या हातात उतरली. बूड स्पिरिटने पुसलं, गादी लावली, दाबली. धरली. कडा बसाव्यात म्हणून मुठीने दोनदा ठोकलं.

वरचं पाणी तत्काळ बंद झालं.

मी तसाच पडून होतो. मग ओरडलो, "स्तेफ्का, बंद नको करूस!"

"ठकठक केलीस ना," वरून आवाज आला.

"ती हीटरला होती. तू कर आंघोळ. केस धू नीट."

मग पाणी पुन्हा सुरू झालं, आणि त्याबरोबर तिचं गुणगुणणंही. तिला न्हाताना गाताना मी लग्नानंतरच्या पहिल्या घरात ऐकलं होतं, त्यानंतर आजच. गादी केव्हाच बसली होती. मी हात काढला नाही.

बाहेर आलो तेव्हा दहाला पाच मिनिटं होती. ड्रायर खाली पेंढ्यात राहिला होता. ती थांबायला तयार नव्हती, ओल्या केसांवर टोपी ओढून तशीच निघाली. मीही मागोमाग गेलो.

ओरेस्ट खिडकीशी बसला होता. तिने टोपी काढली. बटांची टोकं गोठून कडक झाली होती. तो बघत राहिला.

"ओल्या केसांनी बाहेर पडलीस, स्तेफू?" तो म्हणाला. "आई मला ओरडेल. इकडे ये."

ती त्याच्या पायाशी खाली बसली. त्याने खुर्चीवरचा टॉवेल घेतला आणि तिचं डोकं खसाखसा पुसायला लागला. मग माझ्याकडे पाहून तिला विचारलं, "हा कोण?"

"नवरा आहे माझा."

"याला अक्कल नाही का?"

"येतेय हळूहळू," स्तेफ्का म्हणाली. ती रडत होती, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी ओळखलं. आता जानेवारी सरत आलाय, टाक्या अजून गोठलेल्या नाहीत. ड्रायर कपाटात परत आलाय, पण सकाळी ती त्याला हात लावत नाही. लांब आंघोळ करते आणि केस ओलेच ठेवून टोपी घालते. त्यामुळे टाकी फार लवकर भरते. मी कोट चढवतो आणि रिकामी करून येतो.