कवायतीतले रिकामटेकडे

मी एक जुना कंपायलर आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही, कारण मला अंगच नाही. माणसे प्रोग्रॅम लिहितात आणि मी तो यंत्राला कळेल अशा हुकमांत उतरवतो. माणसे काय काय लिहितात ते मी रोज वाचतो, त्यामुळे मला त्यांचे फारसे कौतुक उरलेले नाही.

तळेगावजवळच्या एका कॉलेजात माझा मुक्काम आहे. तिथले यंत्र शाळेच्या कवायतीसारखे चालते. गणिते करणारे प्रोसेसर हजारो, पण हुकूम देणारा एकच. एका ठेक्याला सगळ्यांनी एकच काम करायचे; ज्याचा त्या कामाशी संबंध नाही, त्याने गप्प उभे राहायचे. मला घडवणाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून एकच विद्या शिकवली : कमीत कमी जणांना उभे ठेवायचे.

तिथे शिकवणाऱ्या ओंकार सरांनी पुराचा प्रोग्रॅम लिहिला. जवळच्या वडिवळे गावच्या शिवाराचा एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे दिला. पाऊस बघून ओढ्यावरचा साकव कधी बुडेल, ते सांगायचे. त्याच साकवावरून सरांच्या विद्यार्थिनीची, प्रतीक्षाची आई भागुबाई इतर बायकांबरोबर पलीकडे भातलावणीला जात असे. हेतू उत्तम होता. लिखाण मात्र असे, की मला डोके असते तर फिरले असते. खाचरांचा हिशोब वेगळा, रस्त्यांचा वेगळा, घरांचा वेगळा, आणि पाणी वाहण्याचे तेच गणित तिन्हीकडे जसेच्या तसे पुन्हा उतरवलेले. खाचरे, म्हणजे त्यांचे प्रोसेसर, गणित करतात तेव्हा रस्ते आणि घरे उभी. मग रस्त्यांची पाळी, तेव्हा खाचरे उभी. ते गणित बाहेर काढून मी सगळ्यांकडून एकदम करून घेतले असते. शिवाय प्रत्येक ओळीनंतर ‘सगळे येईपर्यंत थांबा’! अहो, एका ठेक्यावर चालणाऱ्यांत मागे राहणार कोण?

पण सरांनी माझे ऑप्टिमायझेशनच बंद केले. म्हणजे नीट मांडणी करू नको, नुसते उतरवून दे.

“कंपायलर परस्पर ओळी हलवतो,” ते म्हणाले. “मी लिहिलंय तसंच चालू दे.”

तसेच चालले. उत्तर आले आणि प्रतीक्षाने घाईघाईने आईला फोन लावला.

“आगं, आत्ता सांगतीस व्हय?” भागुबाई पलीकडून ओरडल्या. “साकव कवाच बुडाला. आमी हितंच अडकलोय.”

पाणी ओसरेपर्यंत बायका बांधावर भिजत बसल्या. उत्तर अगदी बरोबर होते म्हणून सर मात्र खूश होते.

पुढच्या वर्षी उत्तर लवकर यावे म्हणून त्यांनी मोठे यंत्र आणवले. शिवाराचे तुकडे तेवढेच, म्हणजे नवे प्रोसेसर आले ते नुसते उभे राहायला. अशा अकलेपुढे काय बोलावे? प्रतीक्षाने मात्र गुपचूप माझे ऑप्टिमायझेशन चालू केले. त्या पावसात पाणी चढायच्या आत उत्तर आले आणि फोन जाताच सगळ्या बायका अलीकडे आल्या. खंडेनवमीला सरांनी यंत्राला झेंडूचा हार घातला, कुंकू लावले, पेढे वाटले. माझे नावही कुणी काढले नाही. मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

आता प्रतीक्षा नोकरीला लागली आहे. सगळे नव्या यंत्राने केले, अशी सरांची समजूत. यंदा त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा बसवला आणि जुन्या सवयीने माझे ऑप्टिमायझेशन बंद केले. आज सकाळपासून पाऊस धरला आहे.

मित्रांनो, मला हार नको, पेढे नकोत. कुणापुढे हात जोडायची मला सवय नाही, आणि मला हातही नाहीत. पण तुमच्यापैकी कुणी त्या खोलीजवळ असेल, तर आत जा, माझे ऑप्टिमायझेशन चालू करा आणि मला तो प्रोग्रॅम पुन्हा उतरवू द्या. आत्ता खाचरांचा हिशोब चालला आहे. रस्ते उभे आहेत. घरे उभी आहेत. भागुबाई पलीकडे लावणी करत आहेत.