केशरची गिटार

१९७४ साली केशर सेनगावच्या दवाखान्यात नर्स होती. नर्सिंगच्या वसतिगृहात तिच्या खोलीत केरळची एक मुलगी राहायची, तिनंच केशरला गिटार शिकवली होती. आता स्वतःची घ्यायची म्हणून केशर वडिलांना घेऊन नांदेडला गेली. वडील जळबा, पुसेगावात मजुरी करायचे.

वाद्यांच्या दुकानातल्या शेठनं जळबांना आधी गाव विचारलं, मग वस्ती विचारली, आणि म्हणाला, "मग हालगी दाखवतो."

"हालगी आमी धर्म बदलला तवाच सोडली," जळबा म्हणाले. "पोरीला गिटार दाखवा."

शेठनं फुलं रंगवलेली एक लाल गिटार पुढं सरकवली. "ही न्या. भिंतीवर शोभेल. वाजवणार कोण तुमच्यात?"

केशरनं दांडी डोळ्यासमोर धरून पाहिली. "दांडी वाकली हाय. तारा किती उंच झाल्यात! ती वरची द्या."

"ती महाग आहे. हात लावायचा नाही."

"हात न लावता वाद्य कसं निवडायचं?"

शेठ जागचा हलेना. केशर स्टुलावर चढली आणि तिनं ती साधी, बिनरंगी गिटार स्वतःच उतरवली. शेठ उठला, तसे जळबा मधे येऊन उभे राहिले. केशरनं एकेक तार लावली, कान टेकवून ऐकली.

"एक खुंटी सरकून राहिली. बदलून द्या. हीच घेणार."

केशरनं पैसे मोजून पुढं ठेवले, तशी शेठनं खुंटी बदलली.

संध्याकाळी बापलेक पुसेगावच्या पाराजवळ एसटीतून उतरले. पारावर गावचे जमीनदार किशनराव बसले होते, भोवती चार माणसं.

"काय जळब्या, पोरगी तमाशात धाडतो काय?"

जळबांनी मान खाली घातली. केशर मात्र थांबली.

"मी तुमाला किशनराव म्हणते. तुमी यांना जळबा म्हणा."

"लई शिकली गं!"

"व्हय, शिकले. ऐका."

ती पारावरच बसली. पहिले सूर चुकले. तिनं पुन्हा सुरुवात केली.

"उठ तिथून!" किशनराव ओरडले.

केशर वाजवत राहिली. पाणी घेऊन निघालेल्या बाया थांबल्या. अजून उभ्या असलेल्या एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघू लागली. किशनरावांनी भोवतीच्या चार माणसांकडं पाहिलं, पण कुणीच उठलं नाही. चौघंही गिटारच ऐकत होते.

जळबा त्या पारावर जन्मात कधी बसले नव्हते. त्यांनी धोतर सावरलं आणि लेकीशेजारी बसले.

"अजून एक वाजव," ते म्हणाले.