अर्ध्या दिवसाचा डोंगर

मी बूट बोलतोय, उजव्या पायाचा. डावाही इथंच शेजारी आहे, पण तो इतका वैतागलाय की बोलायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलंय.

जाड कातडं, घोट्याच्या वर पोचणारी उंची आणि तळाला खोल खाचा, असा माझा जन्म. कारखान्यात तळ चिकटवणाऱ्या बाईनं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हा घसरायचा नाही." तेवढाच आशीर्वाद घेऊन मी दुकानात आलो. हिवाळाभर फळीवर बसून लोकांचे पाय बघितले. थंडी ओसरायला लागली तेव्हा एक बाई आल्या. मला घालून त्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "बर्फात चालतील ना?"

"बर्फासाठीच आहेत, काकू," दुकानदार म्हणाला. मी मनातल्या मनात टाच आपटली.

बाई धुलाईघरात काम करतात. हॉटेलांच्या ओल्या चादरी इस्त्रीच्या यंत्रात घालायच्या आणि दुसऱ्या बाजूनं घड्या करून काढायच्या. दुसऱ्यांच्या सहलींच्या चादरी. त्यांचं म्हणणं साधं होतं: "जन्म वाफेत गेला. एकदा बर्फात उभं राहायचंय. बाकी काही नको."

म्हणून वसंताच्या सुरुवातीची सहल ठरली. डोंगराजवळच्या मोठ्या शहरात चार दिवस, आणि त्यातले दोन डोंगरावर.

नवे बूट पायाला बसावेत म्हणून बाई मला घरातच घालून हिंडायच्या. ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत, टेबलापासून ओट्यापर्यंत. माझ्या खोल खाचांना फरशीवर काय करावं तेच कळेना.

शेजारच्या इमारतीत त्यांच्या नणंदबाई राहतात. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वहिनी, कांदा चिरायला चढण लागते का हो?" बाई हसल्या. मी नाही हसलो.

नणंदबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या सहलीत आल्या आणि बेताला खिंडार पडलं. टेबलावर बेत रंगायचा, टेबलाखाली मी ऐकायचो. आधी संग्रहालय आलं. मग जुना बाजार आला. मग नदीवरची बोट, कारण नणंदबाईंच्या मैत्रिणीनं ती केली होती. दर वेळी शहर वाढायचं आणि डोंगर झिजायचा. दोन दिवसांचा एक झाला, एकाचा अर्धा.

"अर्ध्या दिवसात काय होतं?" बाईंनी विचारलं.

"रोपवेनं वर, रोपवेनं खाली. झालं," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे बाईंचे यजमान, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतात. "डोंगर काय पळून जातोय का?"

"डोंगर नाही हो, बर्फ पळतोय."

नणंदबाईंनी बोटीत स्वेटर लागेल का, ते विचारलं.

माणसांची ही एक रीत मला कळत नाही. ज्याच्यासाठी निघायचं, त्यालाच आधी कात्री लावतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी रोपवेच्या वेळा विचारायला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. साहेबांचे पाय तेवढे दिसत होते, आणि ते हलायचे थांबले.

"बंद आहे," फोन ठेवून ते म्हणाले. "हिवाळ्याची गर्दी संपली की वार्षिक देखभालीसाठी बंद ठेवतात. उन्हाळ्यात उघडेल."

नणंदबाईच म्हणाल्या, "अरे, तू स्वतः लोकांच्या लिफ्टवर 'देखभालीसाठी बंद' म्हणून पाट्या लावत हिंडतोस. तुला हे सुचू नये?"

"मी बंद करतो तेव्हा मला माहीत असतं ना, ताई."

"कमाल आहे तुझी."

"जाऊ दे," साहेब बाईंना म्हणाले. "डोंगर पुढच्या वर्षी करू."

'पुढच्या वर्षी' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाईंची टाच माझ्यात अशी घट्ट रुतली, की त्यांनी ते पुष्कळदा ऐकलेत हे मला कळलं.

"रोपवे नव्हता तेव्हा लोक वर कसे जायचे?" त्यांनी विचारलं.

"चालत."

"मग झालं तर."

"अर्ध्या दिवसात?" नणंदबाई म्हणाल्या.

"अर्धा दिवस तुम्ही ठरवलात, ताई. मी नाही."

सकाळी सामान जड झालं म्हणून नणंदबाईंनी सुचवलं, "ते बूट ठेवा आता घरी." बाईंनी मला पायात घातलं आणि बॅग उचलली.

गाडीतही बाजार आणि बोट चालूच होतं. फाटा फुटतो त्या स्टेशनावर गाडी थांबली. शहर सरळ, डोंगर डावीकडे. बाई उठल्या.

"मी इथं उतरते. संग्रहालय माझ्याही वाटचं बघा, ताई."

"अगं, असं कसं? हॉटेल सांगून ठेवलंय," साहेब म्हणाले.

"चादरी इस्त्रीच्या असतील. झोपा निवांत."

मी फलाटावर पाय ठेवला. मागे साहेबांचे काळे बूट दोनदा दाराशी आले आणि दोनदा मागे गेले. गाडी सुटली, त्यांना घेऊनच.

मला भयंकर राग आला. ज्या पायांना दारातून एक पाऊल टाकता येत नाही, ते म्हणतात, डोंगर काय पळून जातोय का!

आता आम्ही बाकावर आहोत. समोर डोंगराकडची छोटी गाडी लागलीय. वर बर्फ उरलाय की नुसता चिखल, मला ठाऊक नाही. चिखल असला तरी चालेल, असं मी समजूतदारपणे म्हणणार नाही. मला बर्फच हवाय आणि बाईंनाही. तुमच्या घरात असा एखादा जोड टेबलाखाली बसला असेल, तर त्याला बेत ऐकवत राहू नका. घाला आणि निघा.

आत्ता बाईंचा फोन वाजला. साहेबांचा आवाज इतका मोठा आहे की मलाही ऐकू येतोय.

"पुढच्या स्टेशनावर उतरतोय मी. ताई जाईल पुढे, तिला बाजार करायचाच आहे. तू तिथंच थांब."

बाईंनी खाली वाकून माझी नाडी आवळली.

"थांबत नाही," त्या म्हणाल्या. "मागून या. वाट एकच आहे."

निघतो आम्ही.