धुळवडीचं उरलेलं

हाडावरून मांस सोडवताना वत्सलाबाई कुणाशी बोलत नसे. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंहांच्या मळ्यात, पत्र्याच्या स्वयंपाकखोलीत, दोन थोरल्या पातेल्यांच्या मध्ये बसून ती काम उरकत होती. नळी पाट्याच्या कडेवर आपटायची, मधोमध फोडायची, आतला मगज बोटाने काढून वाटीत ठेवायचा. फट्, फट् असा आवाज दारापर्यंत जात होता आणि दारातली कुत्री प्रत्येक आवाजाला एकेक पाऊल पुढे सरकत होती.

काल इथे अकरा बोकडं पडली होती. जेवायला अख्खं गाव होतं, शिवाय तेलगावचे पाहुणे. तरीही दोन पातेली उरली, कारण विजयसिंहांना कमी पडण्याची भीती आणि मिरवण्याची हौस, दोन्ही सारख्याच होत्या. उरलेल्याचं काय करायचं याची त्यांना कधी फिकीर नसे. ती वत्सलाबाईची. वीस वर्षं ती या घरच्या पंगती रांधत होती आणि तिच्या हातून अन्न वाया गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

आज दुपारी समेट होता. विजयसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ भगवानराव यांच्यात दोन वर्षांपूर्वी सरपंचपदावरून डोकी फुटली होती आणि दोन्हीकडच्या पोरांवर केसेस चालू होत्या. वत्सलाबाईचा मुलगा बजरंग विजयसिंहांची गाडी चालवायचा. मालकाच्या गाडीबरोबर त्यांची भांडणंही त्याच्याकडे आली होती. त्याने काठी घातली ती भगवानरावांचा पुतण्या राधाकिशन याच्या कानावर. तो कान कायमचा बंद पडला. आज दोन्ही बाजूंनी साक्षी मागे घ्यायचं ठरलं, की बजरंग त्या केसमधून सुटणार होता. वत्सलाबाईला समेटातलं एवढंच कळत होतं आणि एवढंच हवं होतं.

हातात धरून एका घासात खाता येईल असं काहीतरी कर, असं मालकांनी सांगितलं होतं. ती काय करणार ते तिने रात्रीच ठरवलं होतं. मटण पाट्यावर वरवंट्याने रगडायचं, मूठभर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, घालून मळायचं. कालची बाजरीची भाकरी कुस्करून, लसूण-कांदा-कोथिंबीर घालून तिचं सारण करायचं. मटणाची पारी, आत भाकरीचं सारण, लिंबाएवढा गोळा, वरून तीळ, आणि कढईत. भाकरी आतला रस धरून ठेवते, गोळा फुटत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा मेल्यावर दुसऱ्यांच्या घरचं उरलेलं पोराला नवीन म्हणून खाऊ घालायचं तर डोकं चालवावंच लागतं.

नवरा, सटवा, विजयसिंहांच्या वडिलांसाठी असाच एका निवडणुकीत मेला होता. कुऱ्हाड खांद्यात बसली ती छातीपर्यंत उतरली. थोरल्या मालकांनी तेराव्याचा खर्च केला आणि सटवाच्या बायकोच्या हातात पळी दिली. उपकारच तो, असं गाव म्हणालं. तीही म्हणाली. मनात मात्र तिला या घराचा राग होता, आणि तो वीस वर्षांत कमी झाला नव्हता.

नऊच्या सुमाराला विजयसिंह आत डोकावले. बरोबर आप्पाराव होता. मालकांचा उजवा हात म्हणवून घेणारा हा माणूस मालक हसायच्या आधीच हसत असे.

"पातेल्यातलं तं घेच," विजयसिंह म्हणाले, "पण काल पत्रावळ्यात टाकून दिलेलं बी घे. भगवानरावाला आमचं उष्टं चारायचंय."

आप्पाराव पोट धरून हसला. वत्सलाबाई "बरं" म्हणाली. वीस वर्षं ती बरं म्हणत होती आणि करायचं तेच करत होती. शिळं ती कुणालाही खाऊ घालेल, स्वतः खाईल. पण दुसऱ्याच्या पानातलं, दुसऱ्याच्या तोंडाला लागलेलं? ते तिने पोर उपाशी असतानाही त्याला दिलं नव्हतं. दोघे वळताच तिने पत्रावळ्यांतली हाडं-तुकडे पाटीत भरले आणि बांधापलीकडे कुत्र्यांपुढे ओतले.

साडेबाराला माणसं जमली. लिंबाखाली खुर्च्या, मधे टेबल, बाटल्या. पहिलं ताट पाहता पाहता संपलं. दुसरं ती स्वतः घेऊन गेली. राधाकिशनने दोन गोळे उचलले, चांगला कान तिच्याकडे वळवला आणि अजून आहेत का असं विचारलं. "लई भारी झालेत, मावशी," तो म्हणाला. या पोराचा कान आपल्या पोराने फोडला, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्याच्यापुढे आणखी चार ठेवले.

भगवानरावही नको नको म्हणत सहा-सात खाऊन बसले होते. बोलणी पार पडत आली होती. साक्ष कुणी कधी फिरवायची इथवर गोष्ट आली होती. आणि आप्पारावला राहवलं नाही.

"खा, भगवानराव, खा. काल आमच्या पंगतीनं पानात टाकलेलं हाय, पण चव बघा."

भगवानरावांनी हातातला अर्धा गोळा खाली ठेवला आणि विजयसिंहांकडे न बघता वत्सलाबाईकडे बघितलं.

"बाई, खरं सांग."

"पातेल्यातलं हाय, मालक. पानातला एक कण न्हाई. लेकराची आण."

"मग ह्यो कावून हसतोय? विजयसिंहानं तुला तसं सांगितलं होतं का न्हाई, तेवढं बोल."

नाही म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं ते. या घरासाठी ती आजवर किती खोटं बोलली होती, त्याला गणती नव्हती. पण नुकतीच पोराची आण घेतली होती, आणि तिची जीभ अडली. ती नुसती उभी राहिली. तेवढं पुरलं.

भगवानरावांनी ताट उचलून विजयसिंहांच्या तोंडावर मारलं. विजयसिंहांच्या नाकातून रक्ताची धार लागली. मग कोण कुणाला मारतंय हे कळायचं बंद झालं. खुर्च्या मोडल्या, बाटल्या फुटल्या. एकाच्या ओठातून दात बाहेर आलेला तिने पाहिला. कुणीतरी ठिबकच्या सामानाच्या ढिगातला लोखंडी पाइप ओढला. ती पळत स्वयंपाकखोलीत आली, तर तिच्या मागोमाग बजरंग.

"माय, सत्तूर दे."

"आपलं न्हाई रे हे भांडण. बस इथं."

"मालकाला मारलंय त्यांनी. सरक."

त्याने ठोकळ्यावरचा सत्तूर स्वतःच उचलायला हात घातला. चोवीस वर्षांचा गडी, तिच्या दुप्पट. अडवून अडवणार किती? त्याचा चेहरा तिला दिसलाच नाही. दिसलं ते फक्त मनगट, ठोकळ्यावर टेकलेलं. तिने पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि घातला.

सकाळपासून ती हाच आवाज ऐकत होती.

बजरंग गुडघ्यांवर आला. हात मनगटाखाली भलत्याच बाजूला वळला होता. तिने सत्तूर पातेल्यात टाकला, दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. तो ओरडत होता, तिला शिव्या देत होता. त्याच्या बापाच्या तोंडून तिने ऐकलेल्या शिव्या आता त्याच्या तोंडून येत होत्या. तिने सगळ्या ऐकून घेतल्या. पत्र्याच्या फटीतून तिला राधाकिशनची पाठ दिसली. मागून पाइप वर गेला. धरणारा फटीत दिसत नव्हता. पाइप बंद कानाच्या बाजूने आला, आणि राधाकिशनने मानही वळवली नाही.

तिने डोळे मिटले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजून वीस मिनिटं.

चार वाजता बीडच्या दवाखान्यात बजरंग बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मिळेल त्या जीपने तिने त्याला आणलं होतं. डॉक्टरच्या खोलीबाहेर आप्पारावने त्यांना गाठलं. सदऱ्यावर रक्त होतं, पण त्याचं नसावं, कारण तो धडधाकट होता.

"राधाकिशन गेला," तो हळूच म्हणाला. "इकडं आणताना, वडवणीच्या पुढं. भगवानरावानं पहिलं नाव बजरंगचं घेतलंय. जुनं वैर हाय ना."

वत्सलाबाईने पदर तोंडात कोंबला. आप्पारावला रडण्याला वेळ नव्हता. बजरंगचा हात भगवानरावांच्या पोरांनी मोडला असं लिहून द्यायचं, म्हणजे आपल्याकडेही एक जखमी होतो आणि उलटी केस ठोकता येते, असं त्याने समजावलं. वकील मालक देणार होते. सटवाच्या वेळीही थोरले मालकच सगळं देणार होते, ते तिला आठवलं.

"मारामारीतच मोडला," बजरंग भिंतीकडे बघत म्हणाला. आईने मोडला हे जगाला सांगायचं म्हणजे त्याला मरण होतं.

आत डॉक्टर तरुण पोरगी होती. शेजारी पोलीस चौकीतला हवालदार वही उघडून बसला होता. जखमीचं नाव, वय, गाव लिहून झालं. कुणी आणलं, असं डॉक्टरने विचारलं. वत्सलाबाईने स्वतःचं नाव सांगितलं, नातं आई.

"कुणी मारलं?"

"भगवानरावाच्या..." बजरंगने सुरुवात केली.

"न्हाई," वत्सलाबाई म्हणाली. "तो मारामारीत गेलाच न्हाई. कुणी आणलं तिथं जे नाव लिहिलंत, तेच इथं लिहा."

डॉक्टरने पेन थांबवलं. हवालदाराने वर बघितलं आणि बाई, गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, समजतंय का, असं विचारलं. दारात आप्पाराव खाकरला. तिने तिकडे बघितलं नाही.

"समजतंय. वरवंट्यानं मारलं, ते बी लिहा. आन टाइम लिहा. एक वीसच्या आधी. तवापासून त्या हातानं त्याला माशी बी मारता आली न्हाई. दाराला कडी होती आन कडीला म्या होते."

हवालदार लिहीत राहिला. बजरंग आता आईकडे बघत होता. त्या बघण्यात राग होता की दुसरं काही, ते तिला कळलं नाही, आणि विचारायची ही जागा नव्हती. हवालदाराने वही तिच्यापुढे फिरवली. एका ओळीवर आणणारीची सही हवी होती, दुसरीवर मारणारीची. प्रौढ वर्गात शिकलेलं आपलं नाव तिने पहिल्या ओळीवर सावकाश लिहिलं. मग पदराने बोटांची शाई पुसली आणि दुसऱ्या ओळीवर, तेवढंच सावकाश, पुन्हा लिहिलं.