हळदीच्या कापडावर उतरलेला गोवर

शीतलनाथ महाराजांनी पृथ्वीतलावरून गोवर कायमचा हद्दपार केल्याची घोषणा कर्ण्यावरून झाली, तेव्हा महाराज आत बसून निलगिरी हुंगत होते. सर्दीचं त्यांनी अजून मनावर घेतलं नव्हतं.

लातुरात भूकंपाच्या वेळचा एक पत्र्याचा शेड रिकामा पडला होता. महाराजांनी तिथंच ठाण मांडलं. आया लेकरं कडेवर आणि रिकाम्या घागरी पायाशी घेऊन दाटीवाटीनं उभ्या होत्या. गल्लीत विज्ञानाची शिकवणी घेणारे बापूसाहेबही मागं उभे होते. त्यांचा क्लास आज सुना होता, कारण सगळी बॅच इथंच हात जोडून बसली होती.

महाराजांनी एका तापलेल्या पोराच्या अंगावर हळदीनं रंगवलेलं कापड टाकलं, मंत्र पुटपुटत तांब्यातलं पाणी शिंपडलं. कापडावर लालभडक ठिपके उमटले.

"बघा, उतरला गोवर."

मग बापूसाहेबांची शेजारीण कमलम्मा नातीला घेऊन पुढं झाली. वर्षाराणीचा गोवर महाराजांनी दोन महिन्यांपूर्वी असाच उतरवला होता. तेव्हापासून पोरीला जुलाब सुरू झाले, मग खोकला, आणि कालपासून धाप लागलेली.

"गोवर गेला. हे निराळं," महाराज म्हणाले. "देवी रुसली. घरात फोडणी दिलीस."

"न्हाई जी. दोन महिने तेल, दूध, भाजी समदं बंद हाय. नुसती पेज देऊन राहिले."

"मग शेजाऱ्यानं दिली. वास आला."

शेजारी हजरच होता, आणि त्याच्या घरी रोज लसणाची फोडणी व्हायची. बापूसाहेब पुढं आले. कुणाच्या तरी चंचीतला चुना त्यांनी पाण्यात कालवला आणि महाराजांच्याच एका कोऱ्या पिवळ्या कापडावर शिंपडला. तसेच लाल ठिपके उठले.

"या कापडाला कधी ताप आला होता?" त्यांनी विचारलं. लोक हसले.

बॅचमधली मालविका म्हणाली, "सर, हळद म्हणजे दर्शक. चुना लागला की लाल होते. नोट्समध्ये आहे आपल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"प्रश्न कुठं विचारला होता कुणी?"

कमलम्मा मात्र हसली नाही. "चुना असंल, सर. पण पुरळ तर गेलं की."

"ते पाच-सहा दिवसांत आपलं आपणच जातं, अक्का. महाराज नेमके त्याच सुमाराला बोलावतात. टम्म फुगलेल्या भाकरीला फुंकर घालायची अन् म्हणायचं, मी फुगवली."

तोवर महाराजांनी पुढचं लेकरू घेतलं होतं. चुन्याचं पाणी बघून हसलेली बाईच ते लेकरू घेऊन उभी होती.

बापूसाहेबांचा आवाज चढला. "ऐका. पुरळ गेलं म्हणजे गोवर संपला असं नाही. जुन्या आजारांशी झुंजायचं अंगाला जे ठाऊक असतं, ते गोवर पाटीवरचं पुसावं तसं पुसून टाकतो. पुढं कित्येक महिने लेकरू उघडं पडतं. जुलाब, कान वाहणं, छाती भरणं, सगळं त्या वाटेनं येतं. त्यात तुम्ही त्याचं खाणं तोडता. उलट जास्त खाऊ घाला. डॉक्टरांकडून अ जीवनसत्त्वाचा डोस द्या, राहिलेल्या लशी टोचून घ्या. धाप लागली तर एक घडी थांबू नका. अक्का, हिची छाती बघा, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जातायत. आत्ता चला दवाखान्यात."

"हाव. तिचा आजा आला की इचारते."

"कधी येणार?"

"उदगीरला गेलाय. सांजच्याला येईल."

"तोवर तग धरणार नाही ती. आजोबांना मी सांगतो. देवाला मानायचं तर माना, पण देवानंच दिलेली बुद्धी वापरायला कुणाची परवानगी लागते? डोळ्यांनी बघा, कारण विचारा, मग विश्वास ठेवा."

सगळे ऐकत होते. बॅचमधली दोन-तीन मुलं तर लिहूनही घेत होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला आणि निम्मा शेड रिकामा झाला.

कमलम्मानं पोर बापूसाहेबांच्या हातात दिली. तीन वर्षांची पोर, पण हाताला वजनच लागेना. नुसता भाता चालल्यासारखी छाती तेवढी कळत होती.

"सर, तुमचं बोलणं झालं असंल तर हिला जरा धरा," कमलम्मा घागर उचलत म्हणाली. "टँकर आलाय."