मिस्त्री लिफ्टने का जात नाहीत

त्या सहा मजली इमारतीतली लिफ्ट आणि मिस्त्रींचा संसार एकाच वर्षी सुरू झाला. दोन्हींपैकी कुरकुर कुठून जास्त येते, हे मिस्त्री चारचौघांत कधी सांगत नसत. लिफ्ट बसवायला आलेल्या टोळीत ते सगळ्यांत लहान होते. टोळी काम उरकून निघून गेली, मिस्त्री तेवढे मागे राहिले. गच्चीवर लिफ्टच्या मोटरची खोली आणि तिला चिकटून त्यांचं दोन खोल्यांचं घर. लिफ्टचं तेलपाणी त्यांनी बघायचं आणि त्याबद्दल वर राहायचं, असं तोंडी ठरलं होतं. बोलणारे सगळे वारले, ठरलेलं तेवढं शिल्लक होतं.

लिफ्टही तशीच जुन्या वळणाची. लाकडी दार, पितळी मूठ आणि आत एक आरसा. त्या आरशात इमारतीतल्या तीन पिढ्यांनी भांग पाडले होते. काहींना आता पाडायला भांग उरला नव्हता. मिस्त्री रोज सकाळी मूठ पुसत. बायको म्हणायची, "एवढा हात माझ्या पितळेच्या भांड्यांवरून फिरला असता तर." मिस्त्री म्हणायचे, "भांडी वर-खाली करतात का?"

तर असे हे मिस्त्री एके दिवशी वीज गेली म्हणून जिना चढून आले आणि दारातच बसले. पाणी मागायलाही शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जवळजवळ ढकलतच नेलं.

डॉक्टर वयाने मुलीसारखी होती. तिने दंडाला पट्टा बांधला, छातीला नळी लावली, कागदावर उमटलेल्या डोंगरदऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "काका, हृदय म्हणजे शेवटी पंपच. तुमचा पंप चांगला आहे. दाब मात्र जास्त आहे, आणि मालकाने बरीच वर्षं लक्ष दिलेलं नाही."

ही भाषा मिस्त्रींना लगेच कळली. यंत्राचा मालक हलगर्जी असतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. फक्त या खेपेला मालक तेच होते.

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. मीठ कमी, तळलेलं कमी, सिगारेट बंद, झोप वेळेवर. "आणि जिना चढा. हळू. बोलता येईल इतक्याच वेगाने. दम लागला की थांबायचं. छातीत दुखलं तर तिथेच बसायचं आणि लगेच मला बोलवायचं. तिथे शूरपणा नको."

"जिना?" मिस्त्री म्हणाले. न्हाव्याला दाढी वाढव म्हणून सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

परतताना त्यांनी बायकोला बजावलं, "हे कुणाला कळता कामा नये."

"का? काय पाप केलंय का?"

"अगं, छातीचं दुखणं असलेल्या माणसाला लिफ्टच्या डोक्यावर चढून काम कोण करू देईल? उद्या कंपनीचा माणूस आणतील आणि आपलं बोचकं खाली."

"आणि जिन्यात धापा टाकताना दिसाल तेव्हा काय सांगाल?"

"त्याची युक्ती आहे माझ्याकडे."

मिस्त्रींच्या युक्त्यांचा जुना अनुभव असल्यामुळे बायकोने पुढे विचारलं नाही.

युक्ती साधी होती. मजला आला, दम लागला, की मिस्त्री लिफ्टच्या दाराला कान लावून उभे राहत. डोळे मिटलेले. कुणी आलंच तर एक हात वर, म्हणजे 'जरा थांबा, ऐकतोय.' धाप बसली की पुढचा मजला.

घरातलंही वळण बदललं. मिठाची बरणी अशा जागी गेली की ती शोधण्यातच मिस्त्रींचा आणखी थोडा व्यायाम व्हायचा. मोटरच्या खोलीतल्या सिगारेटच्या डब्यात बायकोने भाजलेले दाणे भरून ठेवले. मिस्त्री पहिले काही दिवस एकेक दाणा ओठांत धरून मोटरकडे उदास बघत बसत, मग चावून टाकत. रात्री बातम्या ऐन रंगात आल्या की बायको टीव्ही बंद करायची. "जग बुडालं तर सकाळी कळेलच. झोपा." दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात, मिस्त्रींची मुंगी रोज थोडी थोडी चालू लागली होती.

पण जिन्यात डोळे काही त्यांचे एकट्याचे नव्हते.

तिसऱ्या मजल्यावर इमारतीचे अध्यक्ष राहत. विमा विकण्यात हयात गेलेली, त्यामुळे केळीचं साल दिसलं तरी त्यांना पुढचा मोडलेला पाय दिसायचा. एका संध्याकाळी त्यांनी मिस्त्रींना दाराला कान लावलेलं पाहिलं.

"मिस्त्री, काय ऐकताय?"

मिस्त्रींनी हात वर केला. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, "काही नाही."

माणूस 'काही नाही' इतक्या उशिरा म्हणतो तेव्हा नक्की काहीतरी असतं, हे विम्याच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. अध्यक्ष लिफ्टचं बटण दाबायला आले होते. त्यांनी बोट हळूच मागे घेतलं.

मग पराचा कावळा व्हायला कितीसा वेळ? दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, लिफ्टच्या दोराचा एक पदर उसवलाय. चौथ्या मजल्यावर जाईपर्यंत सगळेच पदर उसवले. पाचव्यावर असं ठरलं की लिफ्ट मागे एकदा पडलीही होती, पण प्रकरण दाबलं. आणि सगळ्या गोष्टींचा शेवट एकच: "अहो, खुद्द मिस्त्री चढत नाहीत. आता बोला."

लिफ्ट ओस पडली. उद्घाटनाला पाहुणाच न आलेल्या दुकानासारखी ती तळमजल्यावर दिवा लावून उभी. जिन्यात मात्र वर्दळ वाढली. वर्षानुवर्षं ज्यांची फक्त नावाची पाटी बघितली होती ती माणसं वळणावर भेटू लागली, एकमेकांच्या पिशव्या धरू लागली, दमल्यावर पायरीवर बसून तिसऱ्याची निंदा करू लागली. शिंप्याकडे पँटी येऊ लागल्या, कंबर आत घ्यायला. तो सगळ्यांना सांगे, लिफ्ट वाईट झाली, पण धंद्याला बरी आहे.

मग अध्यक्षांनी रविवारी बैठक बोलावली. विषय एकच: धोकादायक लिफ्ट काढून टाकणे आणि नवीन कंपनीची बसवणे.

मिस्त्रींचा जेवणातला रस गेला. मीठ तर आधीच गेलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

"अहो, खरं काय ते सांगून टाका," बायको म्हणाली.

"खरं सांगितलं तर मी जातो. नाही सांगितलं तर ती जाते."

"ती म्हणजे लिफ्टच ना?"

"मग दुसरी कोण?"

"विचारलं आपलं. इतकी वर्षं मी खोकतेय, माझ्याकडे तुम्ही कधी असा कान लावला नाहीत."

रविवारी तळमजल्यावर लिफ्टसमोरच खुर्च्या मांडल्या. अध्यक्षांनी धोक्यांवर भाषण केलं. ते भूकंपापर्यंत पोचले तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना थांबवलं. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त शाळेपुरतं.

"मिस्त्री, उभे राहा. एकच सांगा. तुम्ही लिफ्टने का जात नाही?"

मिस्त्री उभे राहिले. समोर लिफ्टचं दार उघडं होतं. ती पितळी मूठ त्यांनी सकाळीच पुसली होती, कदाचित शेवटची. त्यांना एकदम वाटलं, आपल्या धापेसाठी हिची बदनामी झाली आणि ही बिचारी एका शब्दाने बोलली नाही.

"लिफ्टमध्ये बिघाड नाही," ते म्हणाले. "बिघाड माझ्यात आहे." आणि त्यांनी डॉक्टर, दाब, गोळ्या, दाणे, सगळं सांगून टाकलं.

मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे ते कान लावून ऐकणं?"

"धाप लपवत होतो."

"आणि हात वर करायचा तो?"

"बोलता येत नव्हतं."

"आणि तो काळजीचा चेहरा?"

"चेहरा तेवढा खरा होता."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "मग तर दुहेरी धोका. लिफ्ट जुनी आणि सांभाळणाराही जुना. दोघांचीही खात्री कोण देणार?"

"परीक्षा घेऊ," बाई म्हणाल्या. "मिस्त्री जिन्याने वर जातील, लिफ्ट लिफ्टने जाईल. दोघं धड पोचले तर दोघं राहतील. मी मिस्त्रींबरोबर चढते. लिफ्टमध्ये बसायला कोण?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. पद मोठं असलं की असे प्रसंग येतात.

"चला भाऊ, मी येते सोबत," मिस्त्रींची बायको म्हणाली आणि आत जाऊन आरशात केस सारखे करू लागली. अध्यक्ष आत गेले. कसे गेले ते विचारू नये.

जिन्यात बाईंनी मिस्त्रींना बोलतं ठेवलं. डॉक्टरने सांगितलंय ना बोलता येईल इतक्या वेगाने, मग बोला. मिस्त्री लिफ्टबद्दल बोलायला लागले आणि आपण तिसरा मजला न थांबता ओलांडला, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. चौथ्यावर थांबल्या त्या बाई. "तुमचं हृदय तसे माझे गुडघे," त्या कठडा धरून म्हणाल्या. "पण पुढे सांगा, आरसा कुणी बसवला?"

वर पोचले तर लिफ्ट कधीच आली होती. अध्यक्ष सहाव्या मजल्यावरच्या स्टुलावर बसले होते, कपाळावर घामाचे थेंब. मिस्त्रींची बायको पदराने वारा घालत होती.

"दार उघडलं तरी बाहेर येईनात," ती म्हणाली. "मूठ सोडेनात."

"मूठ चांगली आहे," अध्यक्ष क्षीण आवाजात म्हणाले.

बाईंनी घड्याळ काढलं. आधी मिस्त्रींची नाडी पाहिली, मग अध्यक्षांची. अध्यक्षांची पुन्हा एकदा पाहिली. "मिस्त्री पास. अध्यक्ष, तुम्ही उद्या सकाळी त्या डॉक्टरकडे जा."

"मी लिफ्टने आलोय," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

लिफ्ट राहिली, मिस्त्री राहिले. दोन अटी तेवढ्या पडल्या: मिस्त्रींनी तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि लिफ्टवर चढून करायची कामं एकट्याने करायची नाहीत. दुसऱ्या अटीसाठी शिंपी आपणहून तयार झाला. त्याला तो दोर एकदा बघायचाच होता.

आता खरं तर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण लोकांना जिन्याची चटक लागली होती, गप्पा अर्ध्या राहिल्या होत्या, कंबरा आत घेऊन झाल्या होत्या. लिफ्टला कुणी विचारीना. मिस्त्रींना नवीच काळजी लागली, कारण यंत्र बसून राहिलं की आखडतं. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली: 'वर जाताना जिना, खाली येताना लिफ्ट. गुडघेवाल्यांना दोन्हीकडे लिफ्ट. तिच्याही तब्येतीचा विचार करावा.'

एका संध्याकाळी मिस्त्री भाजीची पिशवी घेऊन चढत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांना अध्यक्ष दिसले. लिफ्टच्या दाराला कान लावून उभे, डोळे मिटलेले, चेहरा काळजीचा. मिस्त्रींची चाहूल लागताच त्यांनी एक हात वर केला.

मिस्त्री पिशवी खाली ठेवून अदबीने थांबले.

"काय ऐकताय?" त्यांनी विचारलं.

बराच वेळ गेला. मग अध्यक्ष म्हणाले, "काही नाही."