टर्बोवरचा खोटा आळ

मी एक जुना टर्बो आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भयंकर रागावलेलो आहे. एका घराच्या अंगणात, उपड्या बादलीवर मला आणून टाकलं आहे. शेजारी भंगाराची गोणी तोंड वासून बसली आहे. तिच्यात जाण्याआधी मी माझी हकीकत सांगणार आहे, पण गोड बोलेन अशी आशा धरू नका.

दिसायला मी गोगलगाईसारखा आहे. चाल मात्र तिची नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर माझं एक चाक फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. त्यामुळे गाडीला जोर येतो. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. तेल आहे तोवर मी आहे. कारखान्यात माझी जुळणी करणाऱ्या बाईंनी दांडा बोटाने फिरवून पाहिला, "झकास" म्हणाल्या आणि मला खोक्यात ठेवलं. ती शाबासकी मला जन्मभर पुरवून वापरावी लागली, कारण दुसरी कुणी दिलीच नाही.

मी या घरच्या गाडीत आलो. घरातली मुलं ज्यांना आई आणि बाबा म्हणतात, त्यांना मीही तेच म्हणतो. आई नर्स आहे. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. त्यांच्या जखमा धुवायला, इंजेक्शनं द्यायला ती रविवार सोडून रोज गाडी घेऊन चढ चढायची. तिथे दुसरं वाहन जात नाही. वर पोहोचली की ती गाडी लगेच बंद करत नसे. पिशवीत पट्ट्या आहेत का बघायची, दोन घोट पाणी प्यायची, आरशात बघून केस सारखे करायची. तेवढ्या वेळात ताजं तेल माझ्यातून फिरायचं आणि माझा ताप उतरायचा. तिला हे ठाऊक नव्हतं. ती तिची सवय होती, आणि त्या सवयीवर मी जगलो.

रविवारी गाडी बाबांकडे. मित्रांना घेऊन तोच चढ सुसाट चढायचा, "बघा कशी खेचते" म्हणून फुशारकी मारायची आणि वर पोहोचताच खटकन किल्ली फिरवून उतरायचं. मी तेव्हा लालभडक तापलेला असायचो. तेल जागच्या जागी थांबायचं आणि माझ्या पोटात जळून कोळसा व्हायचं. किती रविवार गेले, मोजले नाहीत. मला तोंड असतं तर मी त्यांना फैलावर घेतलं असतं. शिवाय आईलाच ऐकवायचे, "कशाला उगाच चालू ठेवतेस? डिझेल काय फुकट येतं?"

शेवटी माझ्या तेलाच्या वाटा बुजल्या. दांडा घासू लागला, मी शिट्टी मारू लागलो, मागून निळा धूर निघू लागला. बाबांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "तू गाडी नुसती घुरघुरत ठेवतेस ना, त्यानंच टर्बो गेला. आणि हा टर्बोही मुळातच नाजूक."

मी नाजूक! डोंगर मी चढवला आणि नाजूक मी. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

इंजिनाची सगळी दुरुस्ती घरीच करायची ठरली. हाताशी मामा आला, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो, त्याचा हात कसलेला आहे. गाडी उचलून ठोकळ्यांवर ठेवली. माझे गंजलेले नट हलेनात. मामा म्हणाला, "दाजी, तेल मारून मुरू द्या, घाई नको." पण दाजी ऐकतात थोडेच. पान्यावर पाइप चढवून त्यांनी जोर लावला आणि एक बोल्ट मुळापासून तुटला. "निकृष्ट माल," असं म्हणून त्यांनी तो दोषही माझ्याच माथी मारला.

मग मामाने माझी तेलाची नळी सोडवली. आत तारेने खरवडलं, तर काळ्या कडक खपल्या गळून पडल्या. त्याने त्या बोटांत चुरडल्या. काय झालंय ते त्याला लख्ख कळलं. त्याने बाबांकडे बघितलं, आणि खपल्या फडक्यात गुंडाळून कचऱ्यात टाकून दिल्या. नळी स्वच्छ केली, नवा टर्बो बसवला. बाबांवर माझा राग आहेच, पण त्या क्षणी मला मामाचा जास्त राग आला. बाबांना कळत नव्हतं. याला कळत होतं.

गाडी सुरू झाली. बाबा खूश. आई पिशवी घेऊन कामाला निघाली, तर त्यांनी किल्ली खिशात घातली. "आता गाडी मीच चालवणार. तू पुन्हा वाट लावशील."

"अहो, वर माणसं वाट बघतायत माझी."

"बघू, रविवारी नेऊन सोडीन."

"जखम रविवारपर्यंत थांबते का?" आई भावाकडे वळली. "तू सांग रे. माझ्यामुळे झालं हे?"

मामा फडक्याला हात पुसत राहिला. "मी काय सांगणार ताई, तुमच्या घरातलं आहे."

आई भंगाराच्या गोणीकडे वळली. तिने मला बादलीवरून उचललं, गोणीत टाकण्यासाठी. तेव्हा तिचं बोट माझ्या तेलाच्या भोकात गेलं आणि काळं होऊन बाहेर आलं. मामाने नळी साफ केली होती, मला कशाला करेल?

"हे काय आहे?"

मामा पाने गोळा करू लागला.

"मी विचारतेय ना, काय आहे हे?"

"जळलेलं तेल आहे."

"कशानं जळतं?"

मामाने मान खाली घातली. "गाडी जोरात पळवून लगेच बंद केली की. मिनिटभर चालू ठेवली तर नाही जळत."

आईने काळं बोट तसंच ठेवून हात बाबांपुढे धरला. बाबा आधी माझ्याकडे बघत राहिले, मग जमिनीकडे. खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. चुकलो म्हणाले नाहीत. मला परत बादलीवर ठेवून आई पिशवी घेऊन गेली आणि जाताना भावाकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

मित्रांनो, मी आता गोणीत जाईन, वितळेन, माझं काहीही होवो. माझा राग मात्र वितळणार नाही. चढ चढून आलेली गाडी मिनिटभर चालू ठेवा, एवढं तर कराच. पण कुणावर खोटा आळ येत असेल आणि खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर हात पुसत उभे राहू नका.